मद्यासक्तीवरील उपचार आणि संशोधनाची लहान अनुदाने

दारू हा विषय व्याख्यानासाठी जाहीर झाला की श्रोत्यांची अपेक्षा बहुधा ठरलेली असते. एक तर दारूबंदी असावी की नसावी यावर खडाजंगी व्हावी, नाही तर उद्ध्वस्त संसाराची कहाणी ऐकून मंडळींनी डोळे पुसावे. आम्ही या दोन्ही वाटांनी जाणार नाही. आमचा प्रश्न त्या मानाने रुक्ष आहे; परंतु ज्या घरात पिणारा माणूस आहे त्या घराला तो रुक्ष वाटणार नाही. दारू सोडू पाहणाऱ्या माणसाला नेमक्या कोणत्या उपायाने गुण येतो, हे आपल्याला कसे कळते? आणि ते शोधून काढण्यासाठी लागणारा पैसा कोण, किती आणि कशा रीतीने देतो?

प्रथम प्रश्नाचा आवाका पाहू. केंद्र सरकारच्या सामाजिक न्याय मंत्रालयासाठी दिल्लीच्या अखिल भारतीय आयुर्विज्ञान संस्थेने एक देशव्यापी पाहणी केली. तिचा अहवाल २०१९ साली प्रसिद्ध झाला. दहा ते पंचाहत्तर या वयातील सुमारे १६ कोटी माणसे आपल्या देशात दारू पितात, आणि त्यांपैकी ५ कोटी ७० लाखांच्या आसपास माणसांचे पिणे मदतीची गरज भासावी इतके पुढे गेलेले आहे, असे त्यात आढळले. याहून विचार करायला लावणारा आकडा पुढेच आहे. दारूच्या पुरते आधीन झालेल्या ३८ जणांमागे एकालाच कोणता ना कोणता उपचार मिळतो. आणि दवाखान्यात दाखल होऊन उपचार घेणारा तर १८० जणांत एक.

उरलेले सदतीस काय करतात? काही जण काहीच करीत नाहीत. काही देवापुढे शपथ घेतात, काही गळ्यात तुळशीची माळ घालतात, काहींच्या बायका जाहिरातीतले 'न सांगता देण्याचे औषध' चहात कालवतात. आणि काही, ही गोष्ट विसरता कामा नये, आपल्या आपण सुटतात. कोण सुटतो आणि कोण सुटत नाही, याचा हिशेब ठेवणे हेच संशोधन. त्याला दर वेळी चकचकीत प्रयोगशाळा लागते असे नाही.

'बरा झाला' म्हणजे काय, हे ठरवणेही वाटते तितके सोपे नाही. अमेरिकन मानसोपचारतज्ज्ञांच्या संघटनेने २०१३ साली जी निदानपद्धती छापली, तिने 'दारुड्या' आणि 'न-दारुड्या' अशी सरळ फाळणी सोडून दिली. अकरा लक्षणे दिली: ठरवल्यापेक्षा जास्त पिणे, कमी करायची इच्छा असून न जमणे, कामधंदा आणि घर यांची आबाळ होणे, न पिता हातपाय कापणे, इत्यादी. बारा महिन्यांत यांतील दोन लक्षणे दिसली तरी विकार आहे असे मानायचे. दोन-तीन असतील तर सौम्य, चार-पाच असतील तर मध्यम, सहा किंवा अधिक असतील तर तीव्र. पुढे २०२२ साली अमेरिकेच्या सरकारी मद्यविषयक संशोधनसंस्थेने 'सावरणे' या शब्दाचीही संशोधनापुरती व्याख्या केली. लक्षणे ओसरावीत आणि बेसुमार पिणे थांबावे, एवढी ती अपेक्षा. थेंबभरही न पिण्याची अट तिच्यात नाही. १९३५ साली सुरू झालेल्या अल्कोहोलिक्स ॲनॉनिमसच्या सभेत जाऊन ही व्याख्या वाचून दाखवली तर तेथील जुने सभासद मान हलवतील, कारण त्यांच्या अनुभवात पहिला पेला हाच घात करणारा असतो. आमच्या मते दोघांचेही म्हणणे आपापल्या माणसांपुरते खरे असू शकते. सौम्य विकाराचा कारकून आणि पहाटे उठल्याबरोबर हात थरथरणारा हमाल यांना एकच नियम लावावा, असे कोठे ठरले आहे? मात्र कोणाला कोणता नियम लावावा, हे मताने ठरत नाही. पाहून ठरवावे लागते. आणि पाहण्यासाठी पैसे लागतात.

आता लहान अनुदान म्हणजे काय ते सांगतो. वर उल्लेखिलेली अमेरिकन संस्था १९७० च्या कायद्याने निघाली. तो कायदा घडवून आणणारे सिनेटर हॅरल्ड ह्यूज हे स्वतः दारूच्या विळख्यातून बाहेर पडलेले गृहस्थ होते. या संस्थेने उपचार, सेवा आणि सावरणे या विषयांवरील संशोधनासाठी मोठ्या अनुदानांच्या जोडीला एक लहान अनुदानही बरीच वर्षे ठेवले. त्याची मर्यादा वर्षाला ५० हजार डॉलर, मुदत फार तर दोन वर्षे, आणि मुदत संपल्यावर नूतनीकरण नाही. आपल्याला ही रक्कम लहान वाटणार नाही. पण तेथील मोठ्या प्रकल्पांना लाखो आणि प्रसंगी कोट्यवधी डॉलर मिळतात, त्यापुढे ती चहापाण्याचीच. कामाचा प्रकारही त्याच बेताचा असतो: एखादी कल्पना चालेल की नाही याची चाचपणी, पूर्वी दुसऱ्या कामासाठी गोळा केलेली माहिती नव्या प्रश्नाच्या दृष्टीने पुन्हा चाळणे, किंवा मोजण्याची एखादी नवी पट्टी तयार करणे. शेतकरी नवे बियाणे सबंध शेतात पेरीत नाही. बांधाकडेच्या चार सऱ्यांत टाकून पाहतो. तेवढाच या पैशाचा हेतू.

एवढ्याशा कामातून काय निघणार, अशी शंका येणे साहजिक आहे. तिचे उत्तर मद्यासक्तीवरील उपचारांच्या इतिहासात मिळते. पुढील उदाहरणांना कोणत्या खात्यातून पैसे आले हा आमचा मुद्दा नाही. त्यांचा आकार तेवढा पाहावा.

१९७७ साली लंडनमध्ये ग्रिफिथ एडवर्ड्स आणि जिम ऑरफर्ड यांनी आपल्या सहकाऱ्यांसह एक प्रयोग प्रसिद्ध केला. विषय होते शंभर विवाहित पुरुष, सर्व मद्यासक्त. त्यांची आणि त्यांच्या पत्नींची कसून तपासणी झाल्यावर चिठ्ठ्या टाकाव्यात त्याप्रमाणे दोन गट पाडण्यात आले. एका गटाला त्या काळी उपलब्ध असलेले सर्व उपचार मिळाले: मानसोपचारतज्ज्ञ, औषधे, समाजसेविका, गरज पडल्यास रुग्णालय. दुसऱ्या गटातील जोडप्याला एकदाच समोर बसवून स्वच्छ शब्दांत सांगण्यात आले की, हा मद्यासक्तीचा विकार आहे, दारू पूर्ण सोडली पाहिजे, आणि ते करणे आता तुमच्या दोघांच्या हाती आहे. त्यानंतर उपचार नाही. फक्त महिन्यातून एकदा पत्नीकडे चौकशी. वर्षाच्या अखेरीस पाहिले तर दोन्ही गटांत म्हणण्यासारखा फरक नव्हता! यावर तज्ज्ञमंडळींत मोठे वादळ उठले. उपचार निरुपयोगी आहेत, असा काहींनी त्याचा अर्थ लावला; आम्हांला तो पटत नाही. दुसऱ्या गटालाही तपासणी, स्पष्ट शब्द आणि महिन्याची विचारपूस मिळालीच होती, आणि ही विचारपूस क्षुल्लक वस्तू नव्हे. शंभर माणसांच्या या प्रयोगाने 'जास्त उपचार म्हणजे जास्त गुण' हे गृहीत मात्र कायमचे डळमळीत केले.

दुसरे उदाहरण अमेरिकेतील मानसशास्त्रज्ञ विल्यम मिलर यांचे. पिणे कमी करण्याच्या निरनिराळ्या पद्धतींची तुलना करीत असताना १९८० च्या सुमारास त्यांना असे दिसले की, पद्धतींमध्ये फारसा फरक पडत नाही. फरक पडतो तो समुपदेशकांमध्ये. जो रुग्णाचे म्हणणे समजून घेतो त्याचे रुग्ण सावरतात, जो फैलावर घेतो त्याचे सावरत नाहीत. पुढे १९८२ साली ते नॉर्वेत बर्गेनजवळच्या एका चिकित्सालयात गेले असता तेथील तरुण मानसशास्त्रज्ञांनी त्यांना खोदून खोदून विचारले, 'तुम्ही रुग्णाला आत्ता हेच का विचारले? ते का नाही विचारले?' उत्तरे देता देता एक रीत शब्दांत उतरली आणि १९८३ साली एका लेखाच्या रूपाने छापली गेली. आज जगभर व्यसनमुक्तीच्या क्षेत्रात वापरले जाणारे 'प्रेरक संभाषण' ते हेच. आपल्याकडे व्यसनी माणसाला चारचौघांत लाज वाटेल असे बोलावे, म्हणजे तो सुधारेल, अशी एक ठाम समजूत आहे. वडीलधारी मंडळी तर ते आपले कर्तव्यच मानतात. मिलर यांची नोंद त्यांनी एकदा अवश्य विचारात घ्यावी.

तिसरे उदाहरण औषधाचे. नाल्ट्रेक्सोन हे औषध अमेरिकेत १९८४ पासून अफूवर्गीय व्यसनांसाठी मान्य होते. दारूची धुंदीही मेंदूतील त्याच वाटेने अंशतः जात असावी, अशा तर्काने जोसेफ व्होल्पिसेली यांनी आधी उंदरांवर ते करून पाहिले. मग फिलाडेल्फियातील माजी सैनिकांच्या रुग्णालयात सत्तर पुरुषांवर, बारा आठवडे. १९९२ साली निष्कर्ष छापून आला. नकली गोळी घेणाऱ्यांपैकी शेकडा ५४ जण पुन्हा जोरात प्यायला लागले. खरे औषध घेणाऱ्यांपैकी शेकडा २३. येल विद्यापीठातील स्टेफनी ओमॅली यांनी ९७ रुग्णांवर स्वतंत्रपणे केलेला प्रयोगही त्याच वेळी प्रसिद्ध झाला आणि त्याचा कौलही त्याच दिशेने पडला. १९९४ च्या अखेरीस मद्यासक्तीसाठी या औषधाला तेथे सरकारी मान्यता मिळाली. दोन प्रयोगांतील माणसे मिळून आपल्या एखाद्या लग्नाच्या पंगतीला पुरणार नाहीत.

इतके ऐकून कोणी लहान प्रयोगांच्या आरत्या ओवाळू लागेल, तर त्यालाही आवरले पाहिजे. लहान प्रयोग फसवतातही. मनोविकारावरचे लिथियम हे औषध दारूही सोडवते, असे १९७० नंतरच्या काही छोट्या प्रयोगांवरून वाटू लागले होते. १९८९ साली अमेरिकेत ४५७ माजी सैनिकांवर मोठी चाचणी झाली, आणि लिथियमचा काहीही उपयोग दिसला नाही. डायसल्फिरामचेही तसेच. डेन्मार्कमध्ये जंतांवरील औषध म्हणून ते स्वतःवर घेऊन पाहणाऱ्या हाल्ड आणि याकोब्सेन या दोघा संशोधकांना, ते घेतल्यावर मद्य सोसत नाही, असा अनुभव आला. १९४८ साली ते जगापुढे आले आणि मद्यासक्तीवर रामबाण मिळाला असा गाजावाजा झाला. १९८६ साली ६०५ जणांवरील चाचणीत असे निघाले की, नुसते औषध लिहून दिल्याने कायमची दारू सुटत नाही. जे नेमाने गोळी घेतात त्यांचे पिणे कमी होते, पण नेमाने घेणारे थोडे. (येथेच सांगून ठेवतो: हे औषध पिणाऱ्याच्या नकळत जेवणातून देणे जिवावर बेतू शकते. तसेच जबर पिणाऱ्याने डॉक्टरला न विचारता एकाएकी दारू तोडली तर झटके आणि वात होण्याचा धोका असतो.)

म्हणजे लहान प्रयोगाने दार किलकिले करावे आणि मोठ्याने ते उघडावे किंवा लावून घ्यावे, अशी ही वाटणी आहे. पण मोठ्यालाही दार नेमके कोणते, हे ठाऊक असावे लागते. अमेरिकेत १,७२६ रुग्ण घेऊन 'प्रोजेक्ट मॅच' नावाची प्रचंड चाचणी झाली. कोणत्या प्रकारच्या रुग्णाला तीनपैकी कोणता मानसोपचार मानवतो, हे जुळवून पाहणे हा तिचा हेतू. १९९७ साली निष्कर्ष आला: तिन्ही उपचारांनी रुग्णांमध्ये सुधारणा दिसली, पण जुळणीच्या अपेक्षा बहुतेक फोल ठरल्या. पत्रिका जमल्या नाहीत, संसार मात्र तिघांचेही बरे चालले, असाच काहीसा प्रकार.

पैशाच्या उगमाविषयी दोन शब्द बोललेच पाहिजेत. इंग्लंडमध्ये १९०४ च्या कायद्याने, ज्या गुत्त्यांचे परवाने काढून घेतले जातील त्यांना भरपाई देण्यासाठी इतर गुत्तेवाल्यांवर पट्टी बसवली होती. त्या निधीत शिल्लक राहिलेल्या रकमेचे काय करावे, हा प्रश्न १९८१ च्या कायद्याने सोडवला. तिच्यातून मद्यविषयक शिक्षण आणि संशोधन यांसाठी एक स्वतंत्र मंडळ निघाले. या मंडळाने मोठ्या अनुदानांबरोबर काही हजार पौंडांची लहान अनुदानेही दिली. गुत्तेवाल्यांचा पैसा, पण त्यांचा शब्द त्यात चालत नाही, अशी ही व्यवस्था आम्हांला फार शहाणपणाची वाटते. याच्या उलट प्रकार अमेरिकेत घडला. रोज एक पेला घेणे हृदयाला हितकर आहे काय, हे पाहणारी सुमारे १० कोटी डॉलरची चाचणी मद्यउत्पादकांच्या पैशावर उभी राहत होती. तो पैसा मिळवताना अधिकारी आणि संशोधक यांनी उत्पादकांशी जे संधान बांधले ते उघडकीस आले, आणि जून २०१८ मध्ये सरकारी आरोग्यसंस्थेला ती चाचणी गुंडाळावी लागली. प्रश्न कसा विचारायचा हे दारू विकणाऱ्यालाच विचारले, तर उत्तर काय येणार हे सांगायला ज्योतिषी नको.

आपल्याकडे १९४९ चा दारूबंदीचा कायदा, नावात बदल होऊन का होईना, पुस्तकात आहे आणि दारूवरील उत्पादनशुल्क तिजोरीत आहे. या विसंगतीवर विनोद पुष्कळ झाले. त्या शुल्कातला एक बारीकसा हिस्सा, विक्रेत्याचा आणि खात्याचाही हात न लागता, लहान संशोधनांसाठी बाजूला काढावा, एवढी आमची सूचना आहे. पैसा थोडाच लागेल. पुण्याच्या मुक्तांगणाची १९८६ मधील सुरुवात डॉ. अनिता आणि अनिल अवचट यांच्या खटपटीने आणि पु. ल. देशपांडे यांनी दिलेल्या एक लाख रुपयांच्या आधाराने झाली, हे आपल्या श्रोत्यांना माहीत आहे. ती देणगी उपचारासाठी होती, संशोधनासाठी नव्हे. पण योग्य वेळी पडलेल्या बेताच्या रकमेचे मोल तिच्यावरून कळते.

आणि आपल्या मातीत असे काम होत नाही, असेही नाही. गोव्यात 'संगथ' या संस्थेने अभिजित नाडकर्णी आणि विक्रम पटेल यांच्या पुढाकाराने जे केले ते मुद्दाम पाहण्याजोगे आहे. मानसोपचारतज्ज्ञ खेडोपाडी मिळत नाहीत. मग ज्यांना या विषयाची पदवी नाही अशा गावातल्याच माणसांना शिकवून समुपदेशक करता येईल काय, हा त्यांचा प्रश्न. एकदम मोठी चाचणी त्यांनी मांडली नाही. आधी लोकांशी बोलून, थोड्या रुग्णांवर करून पाहून, जमेल तशी दुरुस्ती करून पद्धत बसवली. मग दहा प्राथमिक आरोग्य केंद्रांत, घातक प्रमाणात पिणाऱ्या ३७७ पुरुषांवर चाचणी झाली; निष्कर्ष २०१७ साली 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात आले. चार बैठकांपर्यंतच्या या साध्या समुपदेशनानंतर तीन महिन्यांनी शेकडा ३६ जण धोक्याच्या रेषेखाली आले होते. नेहमीची सेवा मिळालेल्यांत हे प्रमाण २६ होते. आधीच्या चौदा दिवसांत अजिबात न प्यालेले एका गटात ४२, दुसऱ्यात १८. पण त्याच निबंधात हेही प्रांजळपणे नोंदले आहे की, जे पीतच राहिले त्यांचे प्रमाण कमी झाले नाही, आणि पत्नीला होणाऱ्या मारहाणीतही फरक दिसला नाही. हे शेवटचे वाक्य आम्हांला सर्वांत महत्त्वाचे वाटते. पुरुषाची दारू सुटली की घरातली मारहाण आपोआप थांबते, असे आपण सारे गृहीत धरतो. ते तसे नसेल, तर त्या बाईसाठी वेगळे काही करावे लागेल. आणि काय करावे लागेल, हा पुढच्या अनुदानाचा विषय झाला.

असे विषय आपल्या अवतीभवती पडलेले आहेत. एक अगदी साधा घ्या. 'रोज किती घेता?' या प्रश्नाला आपला माणूस उत्तर देतो, 'एक क्वार्टर.' जागतिक आरोग्य संघटनेच्या प्रश्नावलीत मात्र 'पेले' मोजायचे असतात, आणि एक प्रमाण पेला म्हणजे १० ग्रॅम शुद्ध मद्यार्क. क्वार्टरमध्ये १८० मिलिलिटर. आपल्याकडील व्हिस्की-रममध्ये मद्यार्क शेकडा ४२.८. हिशेब केला तर त्या एका बाटलीत सुमारे ६१ ग्रॅम, म्हणजे सहा पेले भरतात. 'एकच घेतो' म्हणणाऱ्याला एकाच्या जागी सहा मांडले नाहीत, तर साऱ्या पाहणीचा पायाच चुकला. ही झाली शिक्क्याच्या बाटलीची गोष्ट. हातभट्टीचे काय? गावोगावची मोजमापे वेगळी आणि तीव्रता त्याहून वेगळी. चार तालुक्यांत फिरून या गावठी मापांचे प्रमाण पेल्यात रूपांतर करणारे एक कोष्टक तयार केले, तर पुढच्या प्रत्येक संशोधकाला ते उपयोगी पडेल. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषद १९७९ पासून वैद्यकीय विद्यार्थ्यांना दोन महिन्यांच्या संशोधनासाठी अल्प विद्यावेतन देत आली आहे. सुट्टीत गावी जाणाऱ्या विद्यार्थ्याला तेवढ्या दोन महिन्यांत एका तालुक्याचे कोष्टक खुशाल करता येईल.

दुसरा विषय माळेचा. माळ घालून दारू सोडलेली माणसे महाराष्ट्रात पिढ्यान्‌पिढ्या आहेत. त्यांतील कितीजणांची माळ पुढच्या आषाढीपर्यंत टिकते? जी टिकते ती श्रद्धेने, दिंडीतल्या सोबतीने, की घरच्या एकादशीने? अल्कोहोलिक्स ॲनॉनिमसच्या वाटेने जाणाऱ्या उपचारांवरील २७ अभ्यास आणि दहा हजारांहून अधिक माणसे यांचा २०२० साली एकत्र आढावा घेतला गेला, तेव्हा संपूर्ण दारू टिकून सोडण्याच्या बाबतीत ते इतर मान्य उपचारांच्या बरोबरीचे किंवा काहीसे सरसच ठरले. त्या सभेत जे असते, म्हणजे सोबत, कबुली, आणि आपल्यासारखाच सुटलेला माणूस समोर दिसणे, ते दिंडीत किती असते हे पाहण्यास कोणाची हरकत नसावी; वारकऱ्यांची तर नसेलच.

यासाठी लागणारा खर्च मांडून पाहू. माळ घातलेली शंभर माणसे. त्यांना पहिल्या दिवशी, तीन महिन्यांनी आणि वर्षाने गाठायचे. एक पदवीधर तरुण किंवा तरुणी, शक्यतो त्याच भागातली, कारण पत्ता बदललेल्या माणसाचा माग परक्याला लागत नाही. तिचे वर्षाचे वेतन, एस. टी.चे भाडे, टेलिफोन, प्रश्नावलीची छपाई, आकडेशास्त्र जाणणाऱ्या प्राध्यापकाचे मानधन, आणि ज्यांची तब्येत ढासळलेली दिसेल त्यांना जिल्हा रुग्णालयात पोचवण्याची तरतूद. नीतिसमितीची परवानगी आधी घ्यायची. नावे कोणाला सांगायची नाहीत, बायकोलाही विचारल्याशिवाय नाही. घरच्यांशी वेगळे बोलायचे, कारण 'दोन महिन्यांत थेंब नाही' हे वाक्य पुरुषाच्या तोंडून आणि त्याच्या आईच्या तोंडून पुष्कळदा निरनिराळे येते. जे वर्षाने सापडणार नाहीत त्यांना गाळायचे नाही. ते पुन्हा पिऊ लागले असे धरून एक हिशेब, आणि सापडलेल्यांपुरता दुसरा हिशेब, असे दोन्ही छापायचे. माळ टिकली नाही असे निघाले, तरी ते छापायचे.